गार्ड चढला तिथपर्यंत

वकिलीत मी बऱ्याच जणांना गुन्ह्यातून सोडवलं आहे. पण हिच्यावर एखादा तरी गुन्हा का नाही, म्हणून कपाळावर हात मारून घ्यावा अशी अशील मला एकच मिळाली. घोडबंदर रोडवरचे टॉवर संपले की मागे डोंगर सुरू होतो. तिथल्या एका वारली पाड्यावरची ही म्हातारी. खाली ओहोळाच्या काठाला तिचं भाताचं शेत, आणि छातीवरचा चढ चढून गेलं की वर माळावर तिचं कुडाचं घर. सरकारी कागदांत दोन्ही जागा वनजमीन. म्हणजे ती, तिचा नवरा, सासरा आणि त्या सासऱ्याचा आजा हे सगळे कागदोपत्री जंगलात घुसलेले लोक. पुढे वनहक्क कायदा आला आणि सरकार म्हणालं, तुमच्यावर पिढ्यानपिढ्या अन्याय झाला आहे, तो आम्ही दूर करतो. फक्त तो झाल्याचा पुरावा घेऊन या.

पुरावा म्हणजे काय, हे कळायला मलाही थोडा वेळ लागला. कायद्यात बऱ्याच गोष्टी चालतात. म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जुनी घरं, विहिरी, बांध, देवांच्या जागा. पण कचेरीतल्या साहेबाला सगळ्यात जास्त आवडतो तो जंगलखात्याने पूर्वी केलेल्या अतिक्रमणाच्या केसचा कागद. ज्याला खात्याने पकडलं, दंड केला, औत जप्त केलं, तो माणूस त्या काळी तिथे शेती करत होता याबद्दल शंकाच नाही. म्हातारीच्या शेजारी एक भांडखोर गडी होता. दर पावसाळ्यात तो गार्डच्या अंगावर धावून जायचा, आणि दर पावसाळ्यात गार्ड त्याच्यावर केस करायचा. त्याचा दावा पहिल्या फटक्यात मंजूर झाला आणि साहेबांच्या हस्ते त्याला हारही मिळाला.

म्हातारीचा नवरा पडला सरळ माणूस. भात झोडून झालं की गार्ड ओहोळापर्यंत यायचा आणि आंब्याखाली बसायचा. मग नवरा वरच्या घरून एक कोंबडी घेऊन खाली उतरायचा. दोघं जण तंबाखू मळत पाऊसपाण्याचं बोलायचे, आणि गार्ड कोंबडी काखेत मारून केस न करता परत जायचा. पुढे नवऱ्याचे पाय थकले, तशी कोंबडी घेऊन ती स्वतः उतरू लागली. अशी किती वर्षं गेली ते तिला सांगता येत नव्हतं, पण एकही साल चुकलं नाही, हे मात्र ती ठासून सांगायची.

"अगं मावशी," मी एकदा वैतागून म्हटलं, "एकदा तरी त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं होतंस. एक केस असती तर आज काम झालं असतं."

"असा कसा बोलतंस बाय?" ती खरोखर दुखावली होती. "दारात आलेल्या मान्साला रिकामा धाडाचा? आमी काय तशी मान्सा नाय."

घरी डोंबिवलीला हे सांगितलं तर नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, पण असं जो तो उठून म्हणायला लागला की ही जमीन माझी, तर कसं चालेल? कायदा म्हणून काही आहे की नाही?" आम्ही राहतो त्या इमारतीला भोगवटा दाखला नाही. ती ज्या जमिनीवर उभी आहे ती अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, आणि वरचा मजला बिल्डरने कुणाला विचारून चढवला हे बिल्डरलाच ठाऊक. सोसायटीच्या दर सभेत हा विषय निघतो, सगळे गंभीर होतात, आणि मग पार्किंगवरून भांडण सुरू होतं. पण आम्हाला कुणी अतिक्रमणवाले म्हणत नाही. आम्ही फ्लॅटधारक. मी हे नवऱ्याला बोलून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "ते वेगळं." वकिलीत इतकी वर्षं काढूनही ते वेगळं कसं, हे मला सांगता आलेलं नाही.

म्हातारीचा दावा कचेरीने फेटाळला. पुरावा नाही, एवढं एका ओळीत लिहून. तिला बोलावलंही नव्हतं. म्हणून आम्ही हायकोर्टात गेलो. तिथे एका मोठ्या वकिलांनी फी न घेता केस चालवली, आणि काय सुरेख चालवली! ते इंग्रजी कायद्याविषयी बोलले. माणसाच्या स्मरणापलीकडच्या काळापासून चालत आलेली वहिवाट म्हणजे काय, ते सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या एका बेटावरच्या मूळ रहिवाशांचा दाखला दिला, कॅनडातल्या जमातींचा दिला. ज्या गोऱ्या साहेबाने आमचं जंगल सरकारजमा केलं त्याच साहेबाच्या कायद्याच्या पोथीतून तिची जमीन तिला परत मिळण्याची वाट निघते, हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. म्हातारी मागच्या बाकावर बसून पंख्याकडे बघत होती.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी तिला सगळं समजावून सांगितलं. समुद्रापलीकडे तुझ्यासारखीच माणसं आहेत, त्यांनाही लोक म्हणाले की तुमचा कागद कुठाय, आणि शेवटी कोर्टाने त्यांचं ऐकलं.

तिने थोडा विचार केला. "त्यांचा गारड कोंबड्या खात नसंल," ती म्हणाली.

हायकोर्टाचा हुकूमही सुरेख होता. या लोकांकडून कागदाची अपेक्षा धरणं म्हणजे अन्यायावर अन्याय, जाग्यावर जाऊन पाहा, माणसांचं म्हणणं ऐका, असं त्यात पानंच्या पानं लिहिलं होतं. आणि शेवटच्या ओळीत, हे सगळं करण्यासाठी प्रकरण परत त्याच कचेरीकडे पाठवलं होतं. सुख मिळालं की त्यात मिठाचा खडा पडतोच. पण मी खूश होते. पाड्यावर जाऊन सांगितलं की साहेब तपासणीला येणार, घर बघणार, शेत बघणार, तर जरा लक्ष ठेवा.

लक्ष कसं ठेवायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. घरी पाहुणा येणार, तोही साहेब, आणि घर जुनं, धुरकटलेलं, भिंतींना भोकं पडलेली. तपासणीच्या दिवशी मी अधिकाऱ्यांबरोबर धापा टाकत माळावर पोचले आणि जागच्या जागी थिजले. सगळा पाडा आठवडाभर राबला होता. जुना काळा पडलेला कारवीच्या काठ्यांचा कूड काढून जाळून टाकला होता. नवा कूड, त्यावर नवं शेणमातीचं लिंपण. म्हातारीचा मुलगा खालच्या टॉवरच्या बागेत माळी होता. त्याने कुठून तरी निळे पत्रे पैदा करून छपरावर चढवले होते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं चित्रही ताजं ताजं पांढरंशुभ्र होतं. म्हातारी दारात नवं लुगडं नेसून उभी, आणि चेहऱ्यावर असा अभिमान, की मला तिला ओरडताही येईना.

"मावशी, जुनं घर कुठाय?" मी हळूच विचारलं.

"तो घर सायबाला दाखवाचा?" ती म्हणाली. "सायेब काय म्हनंल?"

साहेब काय म्हणाले ते पंचनाम्यात आहे. माळावर नव्याने बांधलेली झोपडी आढळली. चहा मात्र त्यांनी आवडीने घेतला. उतरताना वनखात्याचे अधिकारी मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या अशिलाने स्वतःच काम सोपं केलं." मला त्यांच्यापेक्षा माझ्याच लोकांचा राग आला होता, आणि राग तरी कशाचा करणार? माझ्या आईनेही बघायला येणाऱ्यांसाठी माझ्या लग्नाआधी घराला रंग काढला होता.

आता घरही हातचं गेलं. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांचे जबाब होते, पण ते सगळे तिचे नातेवाईक. बाहेरचा, सरकारी, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी तिला तिथे शेती करताना वर्षानुवर्षं पाहिलं असा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो होता कोंबड्या खाणारा गार्ड. रिटायर होऊन तो कोपरीत राहतो असं कळलं. मी म्हातारीला घेऊन त्याच्याकडे गेले. माजिवड्याला ती माझ्या रिक्षात चढली तेव्हा तिच्या पिशवीतून काहीतरी हललं.

"मावशी, हे काय?"

"काय म्हंजे? त्याच्याकडं हात हलवत जावाचा?"

साक्षीदाराला साक्षीच्या आधी कोंबडी देणं याला कायद्यात काय म्हणतात, हे मी तिला रस्ताभर समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. स्टेशनच्या पूर्वेला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गार्डचं घर. दार त्याच्या सुनेने उघडलं. म्हातारीने कोंबडी पुढे केली तशी सून दोन पावलं मागे सरली. "अहो, आमच्याकडे श्रावण आहे!" आतून गार्ड आला. अंगात बंडी, केस पार पिकलेले. त्याने म्हातारीला लगेच ओळखलं. कोंबडीकडेही त्याने अशा नजरेने पाहिलं, की श्रावण किती दिवसांत संपतो हे तो मनात मोजत असावा. शेवटी कोंबडी बाथरूममध्ये बांधली, आणि आम्ही बोलायला बसलो.

मी काय हवंय ते सांगितलं. तो घाबरला. "मॅडम, मी पेन्शनवर जगणारा माणूस. मी म्हणालो की पाहिलं, तर ते विचारणार, केस का नाही केली? मग काय सांगू?"

मी त्याला पटवलं की इतक्या जुन्या गोष्टीसाठी पेन्शनला हात लावत नाहीत. त्याला ते अर्धंच पटलं. म्हातारी मध्येच म्हणाली, "गारडसायेब, आमचा तो गेला, तुमाला कळला का?" त्याला कळलं नव्हतं; तोवर त्याची बदली झाली होती. त्याने तळहातावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "भला माणूस होता. तंबाखू स्वतःच्या हाताने मळून द्यायचा." आणि साक्ष द्यायला तयार झाला. एकच अट होती. कोंबडीचा विषय काढायचा नाही. का केस केली नाही असं विचारलं तर तो म्हणणार, आठवत नाही. आम्ही कबूल केलं. म्हातारीनेही मान हलवली. बाथरूममध्ये कोंबडी कलकलाट करत होती.

सुनावणी कचेरीत झाली. प्रांतसाहेब तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी गार्डला विचारलं, या बाईंना तिथे शेती करताना पाहिलंय का? गार्ड म्हणाला, पाहिलंय, माझी बदली होईपर्यंत दर वर्षी पाहिलंय. ज्या तारखेआधीची वहिवाट कायदा धरतो, तिच्या किती तरी आधीपासून. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वनखात्याचे अधिकारी उठले.

"मग तुम्ही केस का केली नाही?"

"आठवत नाही," गार्ड म्हणाला.

"एकाच बाईवर, इतकी वर्षं, आणि आठवत नाही? शेजारच्यावर तर दर वर्षी केस केलीत. ही बाई तिथे नव्हतीच, म्हणून केस नाही. खरं की नाही?"

गार्ड खाली बघू लागला. आणि मागून म्हातारी उठून उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, पण तिला राहवलंच नाही. तिच्या माणसाला कुणी तरी खोटं पाडत होतं.

"सायेब, त्याच्यावर कशाला खेकसता? लय चांगला मानूस हाय तो. केस कशी करंल? आमी दर सालाला भात झोडला का कोंबडी द्यायचो ना त्याला! कवा चुकला नाय. इचारा त्याला!"

टाइप करणारा कारकून साहेबांकडे बघून म्हणाला, "साहेब, कोंबडी लिहू का?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, लिहा. जरूर लिहा. भात झोडल्यावर दर साली कोंबडी, म्हणजे दर साली भात. दर साली भात, म्हणजे अखंड वहिवाट. आणि ती वहिवाट खात्याच्या नोकराला माहीत होती, मान्य होती, इतकी मान्य होती की तो तिच्यावर जेवत होता. हायकोर्टातल्या त्या मोठ्या वकिलांनी ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला असेल, पण एवढा सरळ पुरावा त्यांच्याही हाती नव्हता. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं. गार्ड दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता.

साहेबांच्या ओठांवर हसू होतं, पण माणूस नीट काम करणारा. त्यांनी गार्डला विचारलं, "ही कोंबडी तुम्ही कुठे घ्यायचात?"

सगळंच उघडं पडल्यावर आता काय लपवायचं, असं त्याला वाटलं असावं. "ओहोळावर साहेब. आंब्याखाली. शेताच्या बांधाला लागूनच."

"आणि वर माळावर, त्यांच्या घरी कधी गेलात?"

"नाही साहेब. चढ फार आहे. आणि गरज काय होती? कोंबडी खालीच यायची."

मला तो प्रश्न सहज विचारल्यासारखा वाटला. मी जिंकल्याच्या धुंदीत होते. निकाल हातात आला आणि वाचला, तेव्हा उमगलं. ओहोळालगतच्या भातशेतावरचा दावा मंजूर. माळावरील झोपडी पंचनाम्यानुसार नवी आहे, व साक्षीदाराने ती कधी पाहिलेली नाही. सबब तेवढा दावा नामंजूर. म्हातारीच्या पिढ्यांना सरकारने ओळख दिली ती बरोबर गार्ड चढला तिथपर्यंत. शेत तिचं. घर अतिक्रमण.

तरी पट्टा, म्हणजे शेताच्या हक्काचा कागद, मिळाला तो दिवस आनंदाचा होता. मंडप, सतरंजी, भाषणं. म्हातारीला हार घालताना फोटो काढला. ती कागद दोन्ही हातांत धरून मला म्हणाली, "बाय, हा माझा ना आता?" मी तिला जवळ घेतलं. "कागदात आहे ते तुझं, मावशी. त्याला आता कुणी हात लावू शकत नाही. वरच्या घराचं आपण अपील करू. तेही मिळवू." मला खरंच रडू आलं होतं.

मग मी अपिलाच्या मागे लागले. मुदत होती, तिच्या आत करायचं होतं. आणि अपील जमलंही होतं चांगलं. कारवीचा कूड दर काही वर्षांनी बदलावाच लागतो, पत्रा नवा असला तरी जागा जुनीच, असा मुद्दा काढला. जुनं लाकूड जाळून नवं बांधणं हीच त्यांची रीत, आणि रीत हाच पुरावा. समुद्रापलीकडच्या त्या बेटकरांनाही मी त्यात आणून बसवलं. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो चक्क म्हणाला, "बरं लिहिलंयस." अपिलावर म्हातारीचा अंगठा घ्यायला मी होळीच्या सुमारास पाड्यावर गेले.

चढ चढून माळावर पोचले तर घर नव्हतं. चुलीची काळी जागा होती, चार खांबांचे खड्डे होते, आणि त्यांच्या पलीकडे रांगेत खणलेले आणखी बरेच खड्डे. ते रोपवनाचे होते. जागा रिकामी झाली म्हणून खात्याची माणसं येऊन खणून गेली होती. कुणी पाडलं? रात्रीत येऊन पाडलं का? मी तशीच खाली धावत सुटले. ओहोळाजवळ पोचले तर भातशेताच्या मधोमध निळे पत्रे चमकत होते. तोच कूड, तेच खांब. म्हातारी दारात शेण घेऊन बसली होती.

"मावशी! हे काय केलंस?"

"काय केला? खाली आनला घर. सगल्या पाड्यानी हात लावला." ती हात धुवायला उठली. "तूच बोललीस ना, कागदातला तो माझा. मंग कागदाच्या बाहेर कशाला रावाचा? दुसऱ्याच्या जाग्यात रावला का मानसाला बोल लागतो."

मला इतका संताप आला की मी तिच्यावर ओरडले. अगं, ते दुसऱ्याचं नव्हतं! तुझं होतं! तेच सांगायला मी हे सगळं लिहून आणलं होतं! ती ऐकत राहिली. मग तिने मला आत नेऊन बसवलं आणि काळा चहा दिला, आणि मी तो पीत रडले. दोष कुणाचा म्हणणार? हायकोर्टापासून कचेरीपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून तिला एकच गोष्ट इतक्या मेहनतीने शिकवली होती, की कागदात असेल तेच आपलं. ती शिकली होती.

अपील मी दाखल केलं नाही. ज्या घरासाठी अपील, ते घर अशिलानेच उचललेलं, आणि तिथे आता सागाच्या रोपांसाठी खड्डे. त्या पावसाळ्यात घराभोवती उरलेल्या अर्ध्या शेतात तिने भात लावला. संक्रांतीच्या आतच तो संपला असणार, कारण एका सकाळी मुलाच्या फोनवरून तिचा फोन आला. बाय, तांदूळ रेशनवर मिलंल का? मी म्हटलं, मिळेल. कार्ड काढावं लागेल, आणि त्याला राहत्या घराचा पुरावा लागतो. तो आता तिच्याकडे पक्का होता.